साउंड ऑफ म्युझिक नावडायचाच असेल तर नीट नावडवा

आधीच सांगून टाकते, मला 'द साउंड ऑफ म्युझिक' आवडत नाही. तोच तो १९६५ चा हॉलिवूडचा गाण्यांचा सिनेमा, ऑस्ट्रियातल्या खऱ्या ट्रॅप कुटुंबावर बेतलेला: मठातली मारिया एका विधुर कॅप्टनच्या सात मुलांना सांभाळायला येते, त्यांना गायला शिकवते, कॅप्टनशी लग्न करते आणि शेवटी सगळे नाझींपासून पळतात. न बघताच बोलतेय असं अजिबात नाही हां, चार वेळा बघितलाय, दोनदा शाळेत, एकदा लग्नानंतर नवऱ्याला दाखवायला म्हणून आणि एकदा आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, कारण तिथल्या ज्येष्ठ नागरिकांनी पावसाळ्यात महिन्याला एक सिनेमा दाखवायचं ठरवलं आणि पहिलाच हा लावला. तर तिथे इंटरव्हलमध्ये एका हातात चहा एका हातात समोसा अशी उभी असताना मी सहज बोलून गेले की मला बाई हा सिनेमा कधी झेपलाच नाही, आणि पुढची दहा मिनिटं सगळे माझ्याकडे असे बघत होते जसं मी कोणाच्या तरी बारशाला जाऊन बाळ दिसायला बरं नाही म्हणाले.

त्यात लेक सहावीत, तिच्या शाळेच्या गॅदरिंगला कोरसमध्ये याच सिनेमातलं 'डो रे मी', म्हणजे दोन महिने सकाळी ब्रश करताना पण तेच. पळून जायला जागाच नाही. तेव्हा ठरवलं की नावडतोच आहे तर नीट अभ्यास करून नावडवूया. जे शिकले ते खाली लिहिते, तुम्हाला दुसरा कुठला बक्षीसवाला म्युझिकल नावडत असेल तर तिथेही चालेल.

तर पहिलं म्हणजे अख्खा बघायचा. १७४ मिनिटांचा आहे, तीन तासाला सहा मिनिटं कमी, आणि हो मोठा वाटतोच, पण क्लिपा बघून, रील्स बघून, किंवा दीडपट स्पीडवर पळवून जी नावड तयार होते ती टिकत नाही, कोणीतरी एक प्रश्न विचारला की ढासळते. मुलांनी घातलेले ते पडद्याचे कपडे कुणी शिवले, कॅप्टनशी लग्न ठरत आलेल्या बॅरोनेसने मारियाला नेमकं काय सांगितलं म्हणून ती रातोरात निघून गेली, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. बघताना फोनच्या नोट्समध्ये लिहीत जा की कुठे कंटाळा आला, कुठे चिडचिड झाली, कुठे नकळत पाय हलायला लागला. शेवटचं पण लिहायचं, चीटिंग नाही.

मग एक गोष्ट तपासायची, जी मी खूप वर्षं तपासलीच नव्हती. तुम्हाला हा सिनेमा नावडतोय की माणसं बोलता बोलता गायला लागतात हेच नावडतंय? कारण दुसरं असेल तर मराठी माणसाने जरा जपून बोलावं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून आपण हेच करतोय की! नाट्यसंगीतात तर एकेक पद असं रंगवत न्यायचे की गोष्ट बिचारी विंगेत उभी राहून वाट बघायची, वर पब्लिक वन्स मोअर देऊन तिला अजून उभं करायचं. आमचे आजोबा बालगंधर्वांचं नाव निघालं की कान पकडायचे. आणि त्या परंपरेतली मी, गडकरी रंगायतनला नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की पहिल्या दहा रांगांतलं तिकीट मिळवायला धडपडणारी, मी कुठल्या तोंडाने म्हणू की गाण्यामुळे गोष्ट थांबते?

तसंच त्या आवाजाचं. कॅप्टन झालेला ख्रिस्तोफर प्लमर, त्याची गाणी त्याने गायलेलीच नाहीत, बिल ली नावाच्या गायकाचा आवाज आहे. मठातल्या मोठ्या मदर, पेगी वूड, त्यांच्या डोंगर चढायच्या गाण्यालाही दुसऱ्याच बाईंचा आवाज. हे कळल्यावर मी खूप उत्साहात नवऱ्याला सांगायला गेले की बघ, फसवणूक! तो म्हणाला, तू लताबाई आशाबाई ऐकत मोठी झालीस ना गं. विषय तिथेच संपला. तर हे दोन मुद्दे आपल्यासाठी बाद, गोऱ्या लोकांना वापरू देत.

तिसरा मोह म्हणजे खऱ्याखोट्याची यादी काढायची. ही यादी मिळते झकास, मी मान्य करते, आणि मला स्वतःला ती पाठ आहे. खरी मारिया ट्रॅप कुटुंबात सात मुलांना सांभाळायला गेलीच नव्हती, आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवायला गेली होती. तिचं आणि कॅप्टनचं लग्न १९२७ चं, आणि त्यांनी ऑस्ट्रिया सोडला १९३८ मध्ये, मधली अकरा वर्षं सिनेमाने गिळलीत. सगळ्यात मोठं भावंड मुलगी नाही मुलगा होता. कॅप्टन घरी हिटलरछाप बाप नव्हता, प्रेमळ होता, उलट रागाचा पारा मारियाचा चढायचा असं त्या मुलांनीच पुढे सांगितलंय. आणि ते शेवटचं डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला जाणं, अहो ते लोक ट्रेनने गेले, इटलीला! साल्झबर्गच्या त्या डोंगरापलीकडे स्वित्झर्लंड नाहीच आहे, जर्मनी आहे, म्हणजे नाझींपासून पळून थेट नाझींच्या अंगणात. येऊरच्या डोंगरावर चढलात तर पलीकडे बोरिवलीच येणार ना, पुणे कसं येईल.

हे सगळं सांगायला मजा येते, लोक हसतात, पण हे नावडण्याचं कारण नाही. असं असेल तर आपले निम्मे ऐतिहासिक सिनेमे शाळेतल्या पुस्तकाला घाबरून गल्लीबोळात लपायचे. सिनेमा भिडला असता तर तो डोंगर तुम्ही निमूट चढला असता. आणि यादीत एक जरी चूक निघाली तर इज्जत जाते, माझी गेलीय. त्याच क्लबहाऊसमध्ये मी म्हणाले की ऑस्ट्रियाला समुद्रच नाही, मग हा नेव्हीचा कॅप्टन कुठल्या तलावात बोट चालवत होता, मासुंद्यात? मागच्या रांगेत मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले एक काका होते. ते शांतपणे म्हणाले, पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी हे एकच मोठं साम्राज्य होतं, त्याला एड्रियाटिकचा किनारा होता आणि हा माणूस खरोखर पाणबुडीचा कमांडर होता. मी समोसा संपवला.

आता बक्षिसांचं बघू, कारण कोणी ना कोणी म्हणणारच, पाच ऑस्कर मिळालेत, तुला काय कळतं. घाबरायचं नाही पण माहिती ठेवायची. दहा नामांकनं होती, पाच मिळाली: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, एडिटिंग, साउंड आणि संगीत. ज्युली अँड्र्यूजला नाही मिळालं. त्याच वर्षी 'डॉक्टर झिवागो'लाही बरोब्बर पाचच मिळाली. आणि तो काळच म्युझिकलचा होता, १९६१, १९६४, १९६५ आणि १९६८, आठ वर्षांत चार वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्युझिकल, नंतर थेट २००२ च्या 'शिकागो'पर्यंत एकही नाही. म्हणजे चांगल्यावाईटासोबत त्या वर्षीची हवा पण असतेच. हे सांगायचं, पण तोऱ्यात नाही, पिच रिपोर्ट सांगतो तसं.

आणि तुम्ही एकटे नाही आहात हेही माहिती असू द्या, मनाला बरं वाटतं. खुद्द प्लमर याला 'साउंड ऑफ म्युकस' म्हणायचा, म्हणजे शेंबडाचा आवाज, अर्थात म्हातारपणी तोही बराच निवळला. पॉलीन केल नावाच्या समीक्षकबाईंनी मॅकॉल्स मासिकात याला असा धुतला की नंतर त्यांची तिथली नोकरी गेली तेव्हा लोक म्हणाले, बघा, या रिव्ह्यूने घेतली. संपादकांचं म्हणणं वेगळं होतं, की बाई एकावर नाही, चालणाऱ्या सगळ्याच सिनेमांवर तुटून पडत होत्या. यावरून धडा एवढाच घ्या की नावडते सिनेमे महिन्याला एकच जाहीर करायचा.

इथवर सगळी पूर्वतयारी झाली. खरं काम आता. कारण शोधायचं, आणि तिथे ओव्हररेटेड, बोअर आणि क्रिंज या तीन शब्दांना बंदी. यातला कुठलाही शब्द तोंडात आला की समजायचं आपण अजून शोधलंच नाहीये.

मला आधी वाटलं गोडपणा. प्रत्येक फ्रेममध्ये साखर. पण मी तर बासुंदीत वरून साखर घालणाऱ्या घरातली, मला गोडाचं काय वावडं. मग वाटलं ती सात मुलं. सात! आणि एकमेकांत एक भांडण नाही. नवीन बाईच्या खिशात बेडूक ठेवतात, खुर्चीवर काटेरी पाइनचं फळ ठेवतात, ते ठीक, पण आपापसात? आम्ही नौपाड्याला दोन खोल्यांत पाच चुलत-सख्खी भावंडं वाढलो, खिडकीजवळची गादी कोणाची यावरून रक्त निघालंय. गुलजारांचा 'परिचय' १९७२ चा, लोक म्हणतात तो यावरूनच सुचलेला, पण त्यातली जया भादुरी आजोबांवरचा राग किती दिवस धरून बसते, तो राग मुरलेला वाटतो. इथे सगळी सात जणं एकाच कुकरच्या शिट्टीत शिजतात.

हे जवळपास आलं होतं पण अजून बोट बरोबर जागी पडत नव्हतं. मग नोट्स उघडल्या. चारपैकी शेवटच्या वेळी मी एकाच ठिकाणी लिहिलं होतं, "हॅ". तळ्याकाठचा सीन. कॅप्टन मारियाला झापतो, आत्ताच्या आत्ता चालती हो म्हणतो, तेवढ्यात घरातून मुलांच्या गाण्याचा आवाज येतो, तो आत जातो, ऐकतो, स्वतः गायला लागतो, मुलं येऊन बिलगतात, बाहेर येऊन मारियाला सॉरी म्हणतो, थांब म्हणतो. बायको गेल्यापासून ज्या घरात गाणं बंद होतं ते घर एका गाण्यात उघडलं. तीन-चार मिनिटं.

आमच्या घरी हे झालेलं आहे. आजी गेली तेव्हा आजोबांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रेडिओवर तिच्याच हातची क्रोशाची झालर टाकली आणि तो बंद केला. कोणी बोललं नाही, कोणी विचारलं नाही. काकू, म्हणजे त्यांची मोठी सून, गाण्याच्या शिकवण्या घ्यायची, ती त्या वर्षांत पेटी उचलून गोखले रोडच्या पलीकडे मैत्रिणीकडे जाऊन शिकवायची. पहिल्यांदा झालर उचलली ती क्रिकेटच्या कॉमेंटरीसाठी. मग बातम्या. मग कितीतरी महिन्यांनी एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर अण्णा रेडिओला कान लावून बसले होते आणि आवाज इतका बारीक की कुठलं गाणं आहे तेही कळेना. मी दिसल्यावर त्यांनी तो बंद केला, जसं काही चोरी करत होते. चार वर्षं लागली हो. म्हणून मला तो कॅप्टन पटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक कॅप्टन होता आणि तो असा नव्हता.

तुमचं कारण असं कुठेतरी घरात सापडेल किंवा नाही सापडणार, पण सीनपर्यंत तरी या. "मला अमुक सीन पटत नाही कारण" एवढं वाक्य पूर्ण करता आलं की निम्मं काम झालं.

एक पुरावा मला नंतर सापडला तो पण देते, कामाचा आहे. मुळात हे १९५९ चं ब्रॉडवेवरचं नाटक, रॉजर्स आणि हॅमरस्टाइनचं. नाटकात बॅरोनेसला गाणी होती, जरा तिखट, एक श्रीमंतांच्या प्रेमाची टिंगल करणारं आणि एक नाझी येतायत तर येऊ द्या, आपण कशाला मध्ये पडा, अशा अर्थाचं. आणि नाटकात तिचं आणि कॅप्टनचं मोडतं ते या राजकारणावरून. सिनेमात दोन्ही गाणी उडवली, भांडणही उडवलं, राहिला नेहमीचा त्रिकोण. हॅमरस्टाइन तोवर, १९६० मध्येच वारले होते, म्हणून सिनेमासाठी दोन नवी गाणी रॉजर्सनी शब्दांसकट एकट्याने केली, त्यातलं एक प्रेमगीत. म्हणजे मिरची काढली आणि गूळ घातला. बॅरोनेस झालेली एलिनॉर पार्कर तरीही त्या घरातली एकमेव मोठी माणूस वाटते मला, विनोद करते, हरल्यावर तमाशा करत नाही, पर्स उचलून जाते.

आता काय चांगलं आहे ते बोलायचं, आणि हे शिष्टाचार म्हणून नाही, खरं वाटेल तेवढंच. माझ्या नोट्समध्ये पाय हलल्याच्या तीन नोंदी आहेत. सुरुवातीचा हेलिकॉप्टरचा शॉट, तो घेताना हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने ज्युली अँड्र्यूज दर टेकला चिखलात पडायची असं ती स्वतः सांगते, हे कळल्यापासून तर मी तो शॉट मान देऊन बघते. दुसरं गच्चीजवळचा तो नाच, कॅप्टन आणि मारियाचा, एक शब्द नाही, नुसते डोळे, आणि मध्येच ती थांबते कारण तिला कळतं. सिनेमाने बाकी ठिकाणी पण एवढं गप्प बसायला हवं होतं. तिसरं सांगायला लाज वाटते, 'डो रे मी'. दोन महिने छळलं तरी. एका डोंगरावर सुरू होतं आणि कपडे, जागा, दिवस बदलत अख्खं साल्झबर्ग फिरून जिन्यावर संपतं, एडिटिंगचं ऑस्कर विल्यम रेनॉल्ड्सना उगाच नाही दिलं. आणि शिकवतं किती सरळ, आपल्या सा रे ग म ला असं प्रत्येक सुराला चित्र देणारं गाणं असतं तर आमची पेटीची परीक्षा बरी गेली असती. फक्त 'ला' ला त्यांनाही काही सुचलं नाही, तो 'सो' नंतर येतो म्हणे. येतो, माहितीये!

कोणाला सांगायचं हा वेगळा विषय. इंटरव्हलला कधीच नाही, निम्मा सिनेमा शिल्लक असतो आणि लोकांना परत जाऊन बसायचं असतं. ज्या मुलीला त्याच गाण्यावर स्टेजवर उभं राहायचंय तिला गॅदरिंग होईपर्यंत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे तुमचं कारण पोचत नाही, नुसतं नाक मुरडलेलं पोचतं, आणि मग ॲडमिन गुड मॉर्निंगचा फोटो टाकून विषय बदलतात. ज्याला तो सिनेमा खरंच आवडतो अशा एकाच माणसाला, समोरासमोर, निवांत वेळ असताना सांगायचं. सुरुवात चांगल्यापासून करायची आणि "मला" हा शब्द सोडायचा नाही.

मी काकूला सांगितलं. तिचा हा सगळ्यात आवडता सिनेमा, लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला जाऊन बघितलेला, अजून दर दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना गोळा करून लावते. शनिवारी नौपाड्याला गेले, वाटेत प्रशांत कॉर्नरमधून तिला आवडते ती मिठाई घेतली (हे पण गाइडमध्ये धरा), आणि सगळं सांगितलं. नाच, हेलिकॉप्टर, डो रे मी, मग तळ्याकाठचा सीन, मग अण्णा आणि रेडिओ. तिने मध्ये तोडलं नाही. मिठाईचा एक तुकडा उचलला, अर्धा परत ठेवला.

"अगं मला काय माहीत नाही का," ती म्हणाली. "पेटी उचलून मीच जात होते ना. इथे चार वर्षं लागली, तिथे चार मिनिटांत होतं. म्हणून तर बघते."

मला काही बोलता येईना. तिने टीव्ही लावला, रिमोट माझ्याकडे दिला आणि म्हणाली, लाव, पण लग्न झालं की बंद कर, पुढचं ते नाझी आणि डोंगर मला कधीच आवडलं नाही, मी तेव्हा दर वेळी भात लावायला उठते.